प्रकल्प नोंदी : सूचनाफलकांच्या नेटवर्कमधील संदेश मजकुरावरून शोधणे

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

कृष्णाकाठच्या एका उपसा सिंचन संस्थेच्या ११ सूचनाफलकांचे नेटवर्क आम्ही सांभाळतो. पाण्याची पाळी कोणत्या चारीला आहे, थ्री फेज वीज किती वाजता येणार आहे, मोटार कधी बंद राहणार आहे, अशा सूचना संस्थेच्या कार्यालयातून टाइप होतात आणि एमक्यूटीटी या प्रोटोकॉलने ब्रोकरमार्फत, म्हणजे संदेश घेऊन पुढे वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत, गावोगावच्या फलकांवर जातात. ब्रोकर म्हणून मॉस्किटो हे सॉफ्टवेअर आहे. फलक फोर-जी राउटरला जोडलेले असून ते खासगी व्हीपीएनच्या आतून बोलतात, त्यामुळे आतल्या भागात संदेश पोर्ट १८८३ वर उघड्या स्वरूपात जातात. कार्यालयातील स्विचच्या मिरर पोर्टला, म्हणजे जेथे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची (डेटाच्या तुकड्याची) नक्कल मिळते तेथे, एक छोटा संगणक लावलेला आहे. त्यावर डंपकॅप हा पॅकेट टिपणारा प्रोग्राम दर तासाला एक याप्रमाणे ७२ फायली फिरत्या ठेवतो आणि आम्ही त्या वायरशार्क या पॅकेट वाचण्याच्या साधनाने किंवा त्याच्या आदेश-ओळीवरच्या रूपाने, टीशार्कने, उघडतो.

आज सकाळी तक्रार आली. शुक्रवारी, ३१ जानेवारीला संध्याकाळी, तिसऱ्या चारीच्या फलकावर रात्रीच्या पाळीची सूचना दिसलीच नाही. पाटकरी दुसऱ्या टोकाला होता, वीज रात्री आली, आणि त्या चारीवरच्या शेतकऱ्यांची पाळी हुकली. उसाला पुढचे पाणी आता कधी मिळणार, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

७२ तासांच्या हिशेबाने शुक्रवार संध्याकाळची फाईल आज संध्याकाळी पुसली गेली असती, म्हणून सर्वांत आधी, ११ वाजता, ती बाजूला काढून ठेवली. त्यानंतर मजकुराचा फिल्टर लावला : एमक्यूटीटीच्या संदेश-क्षेत्रात 'शेतकऱ्यांनो' हा शब्द असलेली पॅकेट दाखव. निकाल शून्य आला. संध्याकाळी ६ ते ८ या दोन तासांत तो शब्द असलेला एकही संदेश नाही.

यावरून मी संस्थेच्या सचिवांना फोनवर सांगितले की सूचना ब्रोकरपर्यंत पोचलेलीच नाही, ती पाठवायची राहून गेली असावी. दुपारी कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या ताईंचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी पाठवली होती. माझ्या वहीत वेळ लिहिलेली आहे, सहा बेचाळीस. आणि पडद्यावर 'पाठवले' असं आलंही होतं." त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत ६.४२, पुढे पूर्ण वाक्य : शेतकऱ्यांनो, आज रात्रीची पाळी तिसऱ्या चारीला आहे.

वही आणि फिल्टर यांचे म्हणणे जुळत नाही. दोहोंपैकी कोणाची तपासणी आधी करायची, याचा निर्णय मी फोनवर बोलण्यापूर्वी घ्यायला हवा होता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

आज फिल्टर बाजूला ठेवला आणि ६.४२ च्या आसपासची पॅकेट एकेक करून उघडली. ताईंच्या संगणकाकडून ब्रोकरकडे ६ वाजून ४२ मिनिटे १८ सेकंदांनी एक पॅकेट गेलेले आहे. वायरशार्क त्याची मूळ लांबी २४५ बाइट दाखवतो आणि घेतलेली लांबी १२८ बाइट. तपशिलाच्या खिडकीत स्पष्ट लिहिलेले आहे की कॅप्चर करताना पॅकेट मर्यादेत कापले गेले आहे.

कारण लगेच सापडले. कॅप्चरची स्क्रिप्ट मुळात किती फलक जोडलेले आहेत एवढेच मोजण्यासाठी लिहिलेली होती आणि तिच्यात स्नॅपलेन १२८ ठेवलेली होती, म्हणजे प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच फाईलमध्ये उतरतात. जोडण्या मोजायला तेवढे पुरेसे होते. पुढे आम्ही त्याच फायलींवर मजकूर शोधू लागलो, पण ती मर्यादा तशीच राहिली.

१२८ पैकी मजकुराच्या वाट्याला किती येतात, ते मोजून पाहिले. पॅकेट पोचवण्यासाठी पुढे लागणाऱ्या शीर्षकांत इथरनेटचे १४, आयपीचे २० आणि टाइमस्टॅम्पसह टीसीपीचे ३२ मिळून ६६ बाइट होतात. त्यानंतर एमक्यूटीटीचा पहिला बाइट, लांबीचे २ बाइट, विषयनावाच्या (संदेश ज्या विषयाखाली जातो त्या नावाच्या) लांबीचे २, विषयनावाचे २४ आणि पॅकेट क्रमांकाचे २, म्हणजे एकूण ९७. उरले ३१. त्यांतही मजकूर ज्या जेसन रचनेत जातो तिचा उघडा कंस, किल्लीचे नाव आणि अवतरण चिन्हे मिळून ९ बाइट जातात. मजकुरासाठी राहिले २२ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, ३ बाइट घेते. म्हणजे फाईलमध्ये ७ चिन्हे पूर्ण आणि आठव्याचा एक बाइट एवढेच आहे. 'शेतकऱ्यांनो' या शब्दाला माझ्या कीबोर्डवरून ११ चिन्हे लागतात. कापलेल्या पॅकेटात तो पूर्ण असूच शकत नव्हता.

दुसरी गोष्ट अशी की कापलेल्या पॅकेटात वायरशार्क संदेश-क्षेत्र तयारच करत नाही. घोषित लांबीइतके बाइट हाती नसल्यामुळे विश्लेषण मध्येच थांबते. त्यामुळे संदेश-क्षेत्रावर कोणताही शब्द शोधला असता, तरी या फाईलमध्ये निकाल शून्यच आला असता. अशा वेळी संपूर्ण फ्रेमचे, म्हणजे तारेवरून गेलेल्या अख्ख्या पॅकेटचे, कच्चे बाइट धुंडाळणारा फिल्टर, म्हणजे 'फ्रेम कंटेन्स', वापरावा लागतो.

तो वापरून, सात चिन्हांत बसेल असा 'शेतकऱ्य' एवढाच तुकडा शोधला. निकाल पुन्हा शून्य.

बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

शब्द आणखी आखूड केला : 'शेतक'. आता १८ फ्रेम मिळाल्या, सगळ्या ६.४२ ते ६.४३ मधल्या.

'शेतक' जुळते आणि 'शेतकऱ्य' जुळत नाही, म्हणजे घोळ 'क' च्या पुढच्या जागी आहे. ताईंच्या पॅकेटचे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकांत, वाचले. 'क' नंतर ई० ए४ बी०, मग ई० ए५ ८डी, मग ई२ ८० ८डी. पहिला 'र', दुसरा हलन्त, आणि तिसरा झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे पडद्यावर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. माझ्या फिल्टरमध्ये त्या जागी ई० ए४ बी१ आणि ई० ए५ ८डी होते, म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात.

मराठीतल्या या ऱ्याला युनिकोडमध्ये दोन मान्य मार्ग आहेत. नेहमीचा मार्ग यू+०९३१, म्हणजे तेच स्वतंत्र 'ऱ', आणि त्यापुढे हलन्त हा. 'र', हलन्त आणि जोडक हा दुसरा मार्ग युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मानकात ठेवलेला आहे. 'र', नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त हा तिसरा क्रमही शक्य आहे, कारण यू+०९३१ चे विघटन 'र' अधिक नुक्ता असेच होते. कार्यालयातील संगणकावर टायपिंगची जुनी व्यवस्था आहे आणि ती जोडकाचा क्रम देते. माझा फोन आणि माझा लॅपटॉप यू+०९३१ देतात. गेले वर्षभर फिल्टरची चाचणी मी स्वतः टाइप केलेल्या, न कापलेल्या संदेशांवर घेत आलो, त्यामुळे प्रत्येक चाचणी जुळत गेली. ताईंनी टाइप केलेला 'ऱ्या' असलेला एकही संदेश या फिल्टरला कधी सापडला नसणार.

पॅकेट कापलेले असल्याने पुढचे वाक्य वहीतलेच आहे याची खातरजमा कशी करायची, हा प्रश्न राहिला होता. त्याचे उत्तर लांबीने दिले. एमक्यूटीटीत पहिल्या बाइटनंतर उरलेल्या संदेशाची लांबी येते, प्रत्येक बाइटमध्ये ७ बिट लांबीचे आणि आठवा बिट 'पुढे आणखी बाइट आहे' हे सांगणारा. येथे बी० आणि ०१ हे दोन बाइट आहेत. बी० मधले ४८ आणि ०१ चे १२८ मिळून १७६. त्यातून विषयनावाच्या लांबीचे २, विषयनावाचे २४ आणि पॅकेट क्रमांकाचे २ वजा केले की १४८ राहतात. जेसनचे पुढचे ९ आणि शेवटचे २ काढले की मजकूर १३७ बाइटचा ठरतो.

मग वहीतले वाक्य हाताने मोजले. जोडकाच्या क्रमाने 'शेतकऱ्यांनो' चे ३६, स्वल्पविराम आणि मोकळी जागा २, 'आज' ६, 'रात्रीची' २४, 'पाळी' १२, 'तिसऱ्या' २४, 'चारीला' १८, 'आहे' ९, मधल्या पाच मोकळ्या जागा आणि पूर्णविराम. बेरीज १३७. माझ्या कीबोर्डच्या पद्धतीने लिहिले असते तर दोन ऱ्यांमागे तीन-तीन बाइट कमी होऊन १३१ झाले असते. कापलेल्या पॅकेटातून वाक्याचा शेवट वाचता येत नसला तरी ते वाक्य त्याच लांबीचे होते आणि त्याच संगणकावर टाइप झालेले होते, इतके यातून सिद्ध होते.

सचिवांना फोन करून सांगितले की सूचना ६.४२ लाच पाठवली गेली होती आणि सोमवारचे माझे म्हणणे चुकीचे होते. त्यानंतर ताईंना फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, "मग ती फलकावर का नाही आली?" तो शोध अजून बाकी आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

१८ फ्रेमचा हिशेब लागला. ताईंकडून ब्रोकरकडे आलेला संदेश १ आणि ब्रोकरकडून फलकांकडे गेलेल्या प्रती ११, म्हणजे १२. उरलेल्या ६ फ्रेम एकाच प्रतीच्या पुनर्प्रेषणाच्या आहेत, आणि ती प्रत तिसऱ्या चारीच्या फलकाची आहे. कच्च्या बाइटवर चालणारा फिल्टर पुनर्प्रेषित फ्रेमही मोजतो, हे यापुढे कोणतीही संख्या कळवताना ध्यानात ठेवायचे आहे.

त्या फलकाचा शेवटचा पिंग, म्हणजे जोडणी जिवंत असल्याचा इशारा, ६.४१.३७ ला आलेला दिसतो. त्यानंतर त्याच्या बाजूने काहीच नाही. ६.४२.१८ ला ब्रोकरने सूचना पाठवली, टीसीपीची पोच आली नाही, म्हणून तीच फ्रेम पुन्हा पाठवली, प्रत्येक वेळी आधीच्या जवळजवळ दुप्पट थांबून. कीप-अलाइव्ह, म्हणजे फलकाने जितक्या वेळात काहीतरी पाठवलेच पाहिजे तो अवधी, ६० सेकंदांचा आहे आणि नियमाप्रमाणे ब्रोकर त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट पाहतो. त्या हिशेबाने सुमारे ६.४३.०७ ला ब्रोकरने जोडणी बंद केली. फलक ६.४९ ला नव्याने जोडला गेला. फोर-जीचा सिग्नल मधली सात-आठ मिनिटे नसावा.

फलक परत आल्यावर ब्रोकरने ती सूचना पुन्हा का दिली नाही, याचे उत्तर पहिल्याच बाइटमध्ये होते. ताईंकडून आलेल्या संदेशाचा पहिला बाइट हेक्समध्ये ३२ आहे, म्हणजे सेवा-स्तर १ : किमान एकदा पोचवा आणि पोच घ्या. ब्रोकरकडून फलकाकडे निघालेल्या प्रतीचा पहिला बाइट ३० आहे, म्हणजे सेवा-स्तर ० : एकदा पाठवा, पोच नको. फलकाने जोडल्यावर पाठवलेले सदस्यत्वाचे, म्हणजे कोणत्या विषयाचे संदेश हवेत ते मागणारे, पॅकेट ९७ बाइटचे असल्यामुळे न कापता पूर्ण मिळाले. त्याचा शेवटचा बाइट ०० आहे. पाठवणाऱ्याने १ मागितला आणि घेणाऱ्याने ० मागितला, तर ब्रोकर दोहोंतला कमी स्तर वापरतो. शिवाय फलक दर वेळी जुने सत्र पुसून नव्याने जोडला जातो. अशा फलकासाठी ब्रोकर काहीही राखून ठेवत नाही.

ताईंच्या पडद्यावर 'पाठवले' असे आले तेही खरेच होते. ती पोच ब्रोकरची होती. संदेश ब्रोकरला मिळाला एवढाच तिचा अर्थ, फलकाशी तिचा काहीही संबंध नाही. पडद्यावरचा शब्द बदलायला हवा. 'केंद्राला मिळाले' असा सुचवला आहे.

फलक पुरवठादाराला दोन बदल लेखी कळवले : सदस्यत्व सेवा-स्तर १ ने घ्यावे, आणि सत्र कायम ठेवून प्रत्येक फलकाला न बदलणारे ग्राहक-नाव द्यावे.

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

आजपासून कॅप्चर पूर्ण लांबीचे सुरू केले. कॅप्चर करणाऱ्या संगणकाच्या नेटवर्क कार्डावरचे जीआरओ (आलेले तुकडे जोडून देण्याची सोय) बंद केले, नाहीतर लागोपाठचे सेगमेंट, म्हणजे टीसीपीने पाडलेले संदेशाचे तुकडे, संगणकाच्या कार्यप्रणालीचा कर्नल आधीच जोडतो आणि तारेवर नसलेल्या आकाराच्या फ्रेम फाईलमध्ये दिसतात.

पूर्ण मजकूर साठवायचा म्हटल्यावर कॅप्चर करतानाच गाळणी लावावी, असा प्रस्ताव सहकाऱ्याने मांडला. प्रस्ताव वाजवी वाटला, म्हणून सबंध दुपार त्यावर दिली. कॅप्चरचा फिल्टर आणि पाहण्याचा फिल्टर या दोन वेगळ्या भाषा आहेत. पहिली बीपीएफची, म्हणजे बर्कली पॅकेट फिल्टरची, स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९९२ च्या सुमारास मांडलेली. ती वेगवान आहे, कारण ती ठरावीक जागेवरचे एक, दोन किंवा चार बाइट काढून त्यांची तुलना करते. संदेशात कोठेही हा शब्द आहे का, हे तिला विचारता येत नाही. टीसीपीच्या शीर्षकाची लांबी मोजून पुढचा पहिला बाइट काढता येतो आणि त्याचा वरचा अर्धा भाग ३ असेल तर तो प्रकाशनाचा, म्हणजे सूचना वाहून नेणारा, संदेश, असे मात्र विचारता येते. सहकाऱ्याने नेमके तेच लिहिले होते.

ते एका मोठ्या सूचनेवर करून पाहिले. संपूर्ण आठवड्याचे पाणीवाटप एकाच संदेशात पाठवले जाते आणि तो मजकूर २००० बाइटच्या पुढे जातो. टाइमस्टॅम्पसह एका सेगमेंटमध्ये १४४८ बाइट बसतात, म्हणजे देवनागरीची ४८२ चिन्हे. बाकीचा मजकूर दुसऱ्या सेगमेंटमध्ये जातो आणि त्या सेगमेंटचा पहिला बाइट एखाद्या अक्षराच्या मधला असतो. पहिल्या बाइटवरची गाळणी त्याला ओळखत नाही आणि टाकून देते. फाईलमध्ये बुधवारपर्यंतचे वाटप उतरले आणि गुरुवारपासून पुढचे उतरले नाही. कॅप्चर करताना जे टाकले ते नंतर कशानेही परत मिळत नाही, म्हणून त्या टप्प्यावर फक्त पोर्ट आणि ब्रोकरचा पत्ता एवढीच गाळणी ठेवायची आणि मजकुराचा विचार सगळा नंतर करायचा, असे ठरले.

याची दुसरी बाजू अशी की आता फायलींमध्ये माणसांची माहिती पूर्ण उतरते. काही फलकांना पोच देण्यासाठी शेतकरी मिस कॉल देतात आणि ते मोबाइल क्रमांक संदेशातून जातात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी दुरुस्तीच्या निमित्ताने लोकांचे क्रमांक साठवून ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. म्हणून ७२ तासांची मर्यादा कायम ठेवली, संगणकाची डिस्क एन्क्रिप्ट केली, आणि तक्रारीसाठी बाजूला काढलेल्या प्रतीतून पोचेच्या विषयाचे संदेश आधी काढून टाकायचे असा नियम लिहून भिंतीवर लावला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

पूर्ण फायली हाती आल्यावर संदेश-क्षेत्रावरचा फिल्टर चालू लागला आणि तुटलेले संदेशही जोडून मिळू लागले. जोडलेला संदेश शेवटच्या सेगमेंटच्या फ्रेमवर दिसतो, त्यामुळे वेळही त्या फ्रेमची धरावी लागते.

मात्र दुसरी अडचण दिसली. वायरशार्कचा फिल्टर फ्रेमला लागतो, संदेशाला नाही. एका टीसीपी सेगमेंटमध्ये दोन-तीन छोटे संदेश एकत्र आले की विषय 'मोटार' आणि मजकूर 'बंद' अशी अट लावल्यावर जी फ्रेम जुळते, तिच्यात 'मोटार' हा विषय पहिल्या संदेशाचा आणि 'बंद' हा शब्द तिसऱ्या संदेशाचा असू शकतो. आज अशी चार फ्रेम सापडली. चारही वेळा मोटार चालू होती, 'बंद' हा शब्द कार्यालयाच्या सुटीच्या सूचनेतला होता.

नको असलेले संदेश वगळताना यापेक्षाही सावध राहावे लागते. फलकांचे नियमित 'मी चालू आहे' संदेश वगळण्यासाठी विषयावर 'असमान' ची अट लावली, तर एकाच फाईलवर दोन संगणकांनी वेगवेगळ्या संख्या दिल्या. एकावर वायरशार्कची ३.६ च्या आधीची आवृत्ती होती. २०२१ मध्ये आलेल्या ३.६ पासून त्या चिन्हाचा अर्थ बदलला. पूर्वी फ्रेममधले कोणतेही एक मूल्य वेगळे असले की फ्रेम राहत असे, आता सर्व मूल्ये वेगळी असावी लागतात. नव्या अर्थाने, नियमित संदेशाच्या शेजारी बसलेली खरी सूचना त्याच्याबरोबरच वगळली जाते. दोन्ही संगणकांवर आवृत्ती एकच केली, पण मूळ प्रश्न आवृत्तीने सुटणारा नाही. संदेश फ्रेममधून सुटे करूनच तपासले पाहिजेत.

टीशार्कच्या जेसन स्वरूपातून ते सुटे करायला गेलो, तर एका फ्रेममधल्या तीन संदेशांपैकी शेवटचा तेवढा हाती आला. टीशार्क एकाच नावाची किल्ली तीनदा लिहितो आणि पायथन तिची शेवटची प्रत ठेवतो. त्यासाठी टीशार्कला एक पर्याय आहे, पण आम्ही पीडीएमएल स्वरूप घेतले. त्यात प्रत्येक संदेश स्वतंत्र घटक म्हणून येतो आणि विषय व मजकूर यांची जोडी सुटत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

मजकूर जुळवण्यापूर्वी त्याला एका रूपात आणणारा भाग आज लिहून झाला. या प्रकल्पातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम हेच आहे.

पहिली पायरी जेसन उलगडण्याची. वीज वेळापत्रकाच्या सूचना एक पायथन स्क्रिप्ट पाठवते आणि पायथन मूळ सेटिंगमध्ये देवनागरी तशीच न पाठवता प्रत्येक चिन्हासाठी तिरपी रेघ, 'यू' आणि चार हेक्स अंक लिहितो. एका चिन्हाला ६ बाइट. 'शेतकऱ्यांनो' हा शब्द त्या रूपात ६६ बाइटचा होतो आणि त्यात देवनागरीचा एकही बाइट नसतो. तारेवर तो कधीच जुळणार नव्हता, जेसन उलगडल्यावर आपोआप जुळला.

दुसरी पायरी युनिकोडच्या एनएफसी रूपाची, म्हणजे सुटी चिन्हे शक्य तेथे एकत्र करणाऱ्या प्रमाण रूपाची. तिने 'र' अधिक नुक्ता यांचे यू+०९३१ होते. जोडकाच्या क्रमाला एनएफसी हात लावत नाही, म्हणून 'र', हलन्त, जोडक या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त बसवणारा नियम हाताने लिहिला. तसाच दुसरा नियम 'ॲ' साठी. 'ॲलर्ट' हा शब्द आमच्या सूचनांमध्ये रोज येतो. त्यातील 'ॲ' काही ठिकाणाहून २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलेल्या यू+०९७२ या एकाच चिन्हाने येतो, तर काही ठिकाणाहून 'अ' आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी. एनएफसी या दोघांनाही एक मानत नाही.

सहकाऱ्याने सुचवले की जोडक सरळ काढूनच टाकावेत, म्हणजे नियमच कमी होतील. तसे केले तर 'र', हलन्त, 'य' एवढेच उरते आणि त्याचा रफार होतो. शाळेत सगळ्यांना शिकवलेले उदाहरण येथे जसेच्या तसे लागू आहे : आचार्यांना म्हणजे गुरूंना आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. मराठीत हा अर्थाचा भेद आहे, म्हणून शोधण्याच्या सोयीसाठी तो पुसायचा नाही. नियम दोन जास्त झाले तरी चालतील.

हेच रूपांतर शोधशब्दालाही लावले आहे. म्हणजे ताईंनी त्यांच्या संगणकावरून शोधले काय किंवा मी फोनवरून शोधले काय, दोन्ही शब्द एकाच रूपात येऊन मग तुलना होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

देखरेखीच्या पडद्यावर आजवर शोधाचा निकाल म्हणून 'जुळलेले संदेश' एवढाच आकडा येत होता. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे लावले : तपासलेले संदेश आणि वाचता न आलेले संदेश. कापलेले पॅकेट, अर्धवट जोडलेला संदेश, न उलगडणारे जेसन आणि मोडलेले यूटीएफ-८ हे सगळे तिसऱ्या आकड्यात जातात. तिसरा आकडा शून्य नसेल तर पहिल्या आकड्याखाली पिवळी पट्टी येते आणि तेथून ती पॅकेट थेट उघडता येतात.

३१ जानेवारीची जुनी फाईल या नव्या साधनावर चालवली. 'शेतकऱ्यांनो' साठी जुळलेले ०, तपासलेले ०, आणि प्रकाशनाचे झाडून सगळे कापलेले संदेश 'वाचता न आलेले' मध्ये. ३ फेब्रुवारीला हा पडदा समोर असता तर मी सचिवांना तो फोन केला नसता.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

बुधवारी शिवजयंतीची सुटी होती, म्हणून चाचणी आज घेतली. पुरवठादाराने तिसऱ्या चारीच्या फलकात दोन्ही बदल करून दिले आहेत. पाटकरी फलकापाशी उभे राहिले, त्यांनी राउटरचा अँटेना काढला, आणि ताईंनी कार्यालयातून तेच वाक्य पुन्हा टाइप करून पाठवले, पुढे कंसात 'चाचणी' आणि तारीख घालून. सत्र कायम राहणार म्हणजे फार उशिरा परतलेल्या फलकावर शिळी सूचनाही येऊ शकेल, आणि आपण वापरतो त्या एमक्यूटीटीच्या ३.१.१ आवृत्तीत संदेशाची मुदत सांगण्याची सोय नाही. ती ५.० मध्ये आहे. म्हणून यापुढे प्रत्येक सूचनेत तारीख लिहायची असे ताईंनीच सुचवले आणि तसा नमुना तयार केला.

दहा मिनिटांनी अँटेना लावला. फलक जुन्याच ग्राहक-नावाने जोडला गेला. ब्रोकरच्या उत्तरात 'सत्र शिल्लक आहे' असे सांगणारा बिट १ होता, आणि लगेच मागून सूचना निघाली. पहिला बाइट ३२. फलकाकडून तिची पोच आली. पाटकऱ्यांनी फोनवर फलकावरचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवले.

शोधात जुळलेले १२, तपासलेले ३०७, वाचता न आलेले ०. हा शोध ताईंनी स्वतः, त्यांच्याच कीबोर्डवरून केला. नंतर मी माझ्या लॅपटॉपवरून केला आणि तोच निकाल आला.

उरलेल्या १० फलकांपैकी ४ फलकांतले बदल पुढच्या आठवड्यात होतील, ६ फलकांचे फर्मवेअर जुने असल्यामुळे त्यांना कायम सत्र ठेवता येत नाही. त्या सहांसाठी, नव्याने जोडल्यावर शेवटची सूचना पुन्हा मागून घेण्याची सोय करावी लागेल. ते काम सोमवारी हाती घ्यायचे आहे.